काकांच्या नावापुरता नियम

१६ मार्च, सोमवार

काल लिहिलं – डॉक्टर म्हणाले, ‘वडिलांना सांगू नका.’ चूक. ते म्हणाले, ‘जरा जपून सांगा.’ ‘सांगू नका’ हे माझं. झटका बाबांना येऊन गेला, धास्ती मी घेतली.

काका – बाबांचे छापखान्यातले जन्माचे सोबती – शुक्रवारी गेले. बाबांचा फोन विश्रांतीच्या नावाखाली माझ्याकडेच असतो. पण कामगार संघटनेचं पान ते टॅबलेटवर रोज उघडतात. ते पान आधी माझ्या खोलीतल्या लहानशा सर्व्हरवरून जातं. अक्षरं मोठी दिसावीत म्हणून मीच केलेली सोय. तिथे नियम घातला – ‘कै.’ दिसलं की ‘श्री.’ कर. ‘शोकसभा’ दिसलं की ‘सभा’. मूळ पान तसंच. फक्त बाबांपर्यंत पोचताना शब्द बदलणार.

बदलेनात! पान कॉम्प्रेस होऊन, म्हणजे दाबून लहान केलेलं येत होतं. त्यात शब्द सापडणार कसे? ते दाबणं बंद केलं. मग पहिलंच ‘कै.’ बदललं, बाकी तसेच. ‘सगळीकडे बदल’ हेही वेगळं सांगावं लागतं.

सांगितलं.

१७ मार्च

सगळीकडे म्हणजे सगळीकडे! बाबा कडाडले, ‘अगं, संस्थापकांना जाऊन साठ वर्षं झाली, आणि नावापुढे श्री.? या संघटनेत कुणी मेलेलंच नाही! कोणत्या गाढवाने तपासलंय हे?’

जन्मभर मुद्रितं तपासली त्यांनी. मलाही वाचायला त्यांनीच शिकवलं, छापील कागदांवरच्या चुका शोधायला लावून.

‘कळवते त्यांना,’ म्हटलं. गाढवाने दोन्ही नियम काकांच्या पूर्ण नावापुरते केले. बाकीचे पुन्हा कैलासवासी झाले.

१८ मार्च

मला सायकल काकांनी शिकवली. मागून धरलंय असं सांगायचे आणि खरंच धरलेलं असायचं.

नळ सोडून न्हाणीघरात बसले. बाहेरून बाबा – ‘अगं, टाकी रिकामी करतेस का?’

असं काही झालं की मी बाबांनाच सांगते. दुसरं आहे कोण?

१९ मार्च, गुरुवार

आज बाबा काठी न घेता दारापर्यंत चालले! महिन्याभरात पहिल्यांदा. मग टॅबलेट माझ्यापुढे धरला – ‘हे बघ. रविवारी त्याची सभा! मला बोलला नाही लेकाचा. जाणार मी. पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवणार. तो निळा शर्ट काढ, इस्त्री कर.’

शर्ट काढला. इस्त्री तापवली नाही.

उद्या. शुक्रवार, वीस मार्च. सकाळचा चहा झाला की सांगेन.