तिसाव्या पावलावरचं हव

मंगळवार, संध्याकाळ

आजही रिमोटचं हेलिकॉप्टर उडवलं नाही. चार दिवसांपासून त्याची शेपटी थरथरून राहिली. गिअर उघडून पाहिले, पट्टा बदलला, ब्लेड पुन्हा तोलले. सारं ठीक. मग काहून थरथरते?

खोटं कशाला लिहू? दोष रेडिओत असावा, हे मले पहिल्याच दिवशी कळलं होतं. ते पाहायची रीतही सोपी. मोटरची वायर काढायची, रिमोटचा सिग्नल कमी करायचा, तीस पावलं दूर जाऊन स्टिक हलवायची. फक्त हेलिकॉप्टरजवळ कोणीतरी बसून शेपटी हलली का ते सांगावं लागते. इतकी वर्षं ते काम माझ्या बायकोचं, सुमनचं होतं. मैदानात चटई टाकून बसायची आणि शेपटी हलली की तिथून ओरडायची, "हव!" पुरानी बस्तीतली पोट्टी ती, तिकडे 'हो'ला 'हव' म्हणतात; लग्नानंतरही तिचं हव सुटलं नाही.

ती गेल्याला चार महिने झाले.

मुलीला फोन केला. म्हणाली, "पापा, किसी पड़ोसी को बुला लो ना." चुकीचं काय बोलली? शेजारी येईलही. पण तिथून तो ओरडला, तर मी काय करू?

शेवटी एकटाच गेलो. हेलिकॉप्टर तिच्या चटईवर ठेवलं. तीस पावलं मोजली, स्टिक हलवली. एवढ्या लांबून शेपटी दिसत नाही, माहीत होतं. तरी कान देऊन उभा राहिलो.

मग पुन्हा हलवली.