पांढरे अभ्रे

आई, काल दुपारी सर्जरीतून, म्हणजे इथल्या डॉक्टरांच्या दवाखान्यातून, फोन आला. रिसेप्शनवरची बाई म्हणाली, “ऑल नॉर्मल, डक.” नॉटिंगहॅममध्ये अजूनही सगळ्यांना लाडानं डक म्हणतात. मी थँक यू म्हणाले, फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात खाली फरशीवर बसले. तुझ्या नातीचं रक्त चांगलं आहे. तू तिला पाहिलं नाहीस. ती अकरा वर्षांची आहे, नेटबॉल खेळते, आणि पंधरा दिवसांपूर्वी तिच्या उशीवर मला रक्ताचे तीन थेंब दिसले.

दिसले, कारण मी रोज पाहते. ते तुझ्याकडून आलं. आपल्या घरात अभ्रे पांढरेच. मिरजेत पांढरे, इथे आल्यावरही पांढरे. मी दात घासत असते आणि तू माझी उशी खिडकीशी नेतेस, दोन्ही बाजूंनी पाहतेस, जागेवर ठेवतेस. मगच चहाचं आधण. जपानी आया असंच करत असतील, असं मला वाटायचं. मग तू टेबलाशी लिहायला बसायचीस, उभ्या ओळींत, उजवीकडून डावीकडे. तिकडे जपानात तुझी पुस्तकं निघत होती. मला त्यातलं एक अक्षर येत नव्हतं, आणि तू शिकवलं नाहीस. काय लिहितेस, विचारलं की म्हणायचीस, “शाळेतल्या मुलींचं.” खेळांचं असेल, भांडणांचं असेल, असं मी धरून चालले.

अकराव्या वाढदिवसाला मैत्रिणीच्या आईनं मला लाल गुलाबांचा अभ्रा दिला. मी तो लगेच उशीला घातला. तू काढलास आणि घडी करून माझ्या हातात दिलास.

“या घरात नको.”

“हे घर आहे की हॉस्पिटल?”

“डॉक्टरचं घर आहे. बाबांना विचार.”

बाबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, “मला मध्ये ओढू नका. मी घरी पेशंट तपासत नाही.” तू हसली नाहीस. मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही.

तू गेल्यावर पाच वर्षांनी तुझं एक पुस्तक इंग्रजीत आलं. मी तेव्हा साहित्य शिकवत होते. हातात पेन्सिल घेऊन वाचायला बसले. थोड्याच पानांनंतर पेन्सिल खाली ठेवली. बॉम्ब पडला तेव्हा तू चौदाची, नागासाकीतल्या कारखान्यात. धाकटी बहीण अकराची, घरी, अंगावर ओरखडासुद्धा नाही. तीन आठवडे ती हिंडतफिरत होती. मग एका सकाळी तिच्या उशीवर रक्ताचे ठिपके. तू कोणाला सांगितलं नाहीस. उशी उलटी करून ठेवलीस. एवढं लिहून तू पुढचा परिच्छेद सुरू केलास. त्यात ती नव्हती.

लेकीच्या नाकाचा घोळणा फुटलाय, हीटिंगमुळे होतं, असं सर्जरीतले डॉक्टर म्हणाले होते. मी म्हणाले, माझी आई नागासाकीची. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग रक्त तपासायचा फॉर्म भरला. लेक गाडीत म्हणाली, “आई, माझा उशी रोज काय बघते तू? इट्स सो वीअर्ड.” मी म्हणाले, सीट बेल्ट लाव.

काल फोननंतर मी तिला घेऊन दुकानात गेले. म्हटलं, अभ्रा निवड, हवा तो. आज सकाळी ती शाळेत गेली, मी चहा केला, तो गरम असतानाच प्यायले. कितीतरी वर्षांनी घर नुसतं घर वाटलं.

हे पत्र टाकायला पत्ता नाही. तू असतीस तरी मला वाचून दाखवावं लागलं असतं. मिरजेत बाबांच्या आईनं तुला मराठी बोलायला शिकवलं, वाचायला नाही. तेव्हा एवढं एकच, मोठ्यानं सांगते. लेकीनं लाल फुलांचा अभ्रा निवडला होता. मी म्हणाले, तो चांगला नाही. पिवळ्या फुलांचा घेतला.