मैदानाच्या कडेला बसणाऱ्या काकूंना

काकू, परवा आपल्या मंडळाच्या मैदानावर एक बाई मुलीचा हात धरून आल्या आणि म्हणाल्या, "इथं पोरींसोबत कुणी बाईमाणूस असतं का?" मी म्हटलं, "मी असते." त्यांनी मुलीचा हात सोडला. तेव्हापासून तुम्हाला लिहावंसं वाटतंय.

आमच्या वेळी त्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही होतात. तालमीमागचं ते मैदान पोरांचं. सरांनी मुलींचा कबड्डी संघ काढायचं ठरवलं, तेव्हा नगरमधल्या आमच्या गल्लीतून एकही मुलगी येईना. मग तुम्ही रोज संध्याकाळी स्वयंपाक आवरून मैदानाच्या कडेला पोतं अंथरून बसायला लागलात. खेळातलं तुम्हाला फारसं कळत नव्हतं. पण खुद्द सरांची बायको तिथं बसते म्हटल्यावर आयांनी पोरी धाडल्या. सलवारीत पाय अडकून आम्ही पडायचो आणि हाफ पँट घरी चालायची नाही, म्हणून तुम्ही मशीनवर सगळ्यांना गुडघ्याखाली येणाऱ्या काळ्या विजारी शिवल्यात. माझ्या विजारीला खिसा लावलात, मी हट्ट धरला म्हणून.

आणि तो दिवस. बाबा सुप्याच्या कंपनीतून सुटून, अंगावरच्या गणवेशातच, थेट मैदानावर आलेत. कुणीतरी त्यांचे कान भरलेत, तुमची पोरगी पोरांपुढं उड्या मारते म्हणून. "घरी चल," एवढंच ते म्हणतात. मी मधल्या रेषेवर थिजलेय. सर काही बोलायच्या आत तुम्ही उठता. "दादा, न्या की. तुमचीच लेक हाय. पर एक चढाई बघा आन् मग न्या." मी गेले, आणि दोघींनी घोटा धरून मला आपटलं. मला रडू फुटलं. तुम्ही दटावलंत, "रडतीस काय? धूळ झटक. बाप बघतोय." सरावच होता, सरांनी पुन्हा जाऊ दिलं. पुन्हा धरली गेले. पण उठून पाहिलं तर बाबा तुमच्या पोत्याच्या टोकाला बसले होते. जाताना स्कूटरवर म्हणाले, "तू धरली गेलीस की मागं धरणारीकडं बघतीस. रेषेकडं बघत जा."

आता मंडळात मुलींचे दोन संघ आहेत. यंदा एक पोरगी जिल्ह्याच्या संघात निवडली गेली. कार्यकारिणीत पहिल्यांदाच दोन बायका आल्यात, आणि गणपतीचा मांडव असतानाही मैदानाचा अर्धा भाग सरावाला मोकळा राहील, हे त्यांनी भांडून मान्य करून घेतलंय. परवाची ती मुलगी रोज येते. पडते, चिडते, दुसऱ्या दिवशी हजर.

हे पत्र मी दुसऱ्या कुणाला दाखवणार नाही, तेव्हा सांगूनच टाकते. पहिलं वर्षभर मला कबड्डी आवडतच नव्हती. दम पुरायचा नाही, कोपरं सोलायची. पण आई दवाखान्यात दुपारपाळीला, घराला कुलूप. मी यायचे ते तुमच्याजवळ बसायला मिळावं म्हणून.