आडवं पळा

अण्णा, कपाळावरचा चष्मा घरभर शोधणारे तुम्ही, म्हणून आधी ओळख सांगते. मी तुमची मधली मुलगी. सत्तरी उलटलीय. अक्षर अजून येत नाही, तेव्हा मी बोलतेय आणि नात लिहितेय. ती मध्येच हसली तर मनावर घेऊ नका.

रविवारी इथे गोत्रीतल्या आमच्या घरी ही पोरगी सिनेमा बघत होती. अख्ख्या शहरावर विषारी ढग येतो आणि माणसं त्याच्याच पुढे नाकासमोर पळतात. मी ओरडले, "अरे मेल्यांनो, आडवं पळा!" ही माझ्याकडेच बघायला लागली. घाबरली की हिला गुजराती सुटतं. "आजी, आवुं साचे थाय? खरंच होतं असं?" म्हटलं, एवढा मोठा ढग नाही होत. छोटा होतो, आणि तेवढा पुरतो.

शाळेत तुम्ही मला घातलं नाहीत, पण वारा वाचायला शिकवलंत. नंदेसरीच्या कारखान्यातून आलात की चहाचा कप खाली ठेवून एकदम ओरडायचात, "भोंगा!" म्हणजे विषारी वायू सुटला असं समजायचं. आम्ही टॉवेल भिजवून नाकाला लावायचे, चिमणीचा धूर कुठे जातो ते बघायचं आणि त्याला आडवं चालायला लागायचं. खोलगट जागी थांबायचं नाही. शेजारीण म्हणायची, "भाई, रोज शेनी, कसली कवायत?" आई पदरात हसायची. मी तर तुमची नक्कल करून दाखवायचे.

मग एका दुपारी खरा भोंगा वाजला. तुम्ही पाळीवर होतात. वारा आपल्या घरांच्या वसाहतीकडे होता, म्हणजे तुम्ही दुसरीकडे पळायला हवं होतं. पण तुम्ही वाऱ्याबरोबर सरळ घराकडे धावत आलात. मला अजून दिसताय, दारात उभे आहात, डोळे लाल, तोंडावर टॉवेलसुद्धा नाही. आम्ही चुलीपाशी. आम्हाला ओले टॉवेल दिलेत, शेतातून आडवं नेलंत, आणि मोठ्या रस्त्यावर पोचल्यावर सगळ्यांसमोर आईला बोललात, "इतकं शिकवलं, तरी घरात बसून राहिलीस?"

त्यानंतर तुम्ही आडवे झोपलाच नाहीत. श्वास पुरायचा नाही, उशांना टेकून बसल्या बसल्या रात्री काढल्यात. पुढच्या वर्षी तुम्ही गेलात आणि घरातली भोंग्याची हाक थांबली.

आईनं टॉवेल भिजवला होता, अण्णा. एक पाय उंबऱ्याबाहेर होता तिचा. मीच तिचा हात धरून हसले, "तालीम असेल गं, आमटी तरी उकळू दे." तिनं हे तुम्हाला कधी सांगितलं नाही आणि मीही नाही. तिकडे अजून तिच्यावर धुसफुसत असाल तर आता पुरे करा.

नात विचारतेय, पत्ता काय घालू? म्हटलं, घडी करून माझ्या पातळांत ठेव. तिच्याही डोळ्यांत पाणी आलंय, म्हणून आवरते. आईला विचारा, माझ्यावर रागावली नसेल तर मऊ भात पाठव म्हणावं, वर तूप आणि लिंबाचं गोड लोणचं. चिवडा नको, माझे दात गेलेत.