अंगणाच्या टाइल्स

ऐरोली, ७ सप्टेंबर १९९६

आज अंगणासाठी टाइल्स बघायला गेलो. मला गुळगुळीत हव्या होत्या, त्यांवर रांगोळीची रेघ फुटत नाही. पर्समधून नेलेली चिमूटभर रांगोळी दुकानातच ओढून पाहिली.

दुकानदार हसला, "ताई, रांगोळीला घेताय की चालायला?"

हे म्हणाले, "पावसात आई घसरेल त्यावर."

खरंच आहे. सासूबाई काठी टेकत चालतात. खरखरीत ठरवल्या.

पण मी इतकी हटून का बसले होते? रांगोळी मी कुठे काढते? काढायची ती आमची लेक, मुक्ता. लग्न होऊन नागपूरला गेल्यापासून एकाही दिवाळीला आली नाही. संध्याकाळी तिला फोन लावला. टाइल्सचंच बोलत राहिले. या दिवाळीला ये, एवढं म्हणवलं नाही.