पहाटे निघायचं, स्टिअरिंग झालं की

ता. ७, शनिवार

सकाळी गाडी गेटबाहेर काढताना स्टिअरिंग भयंकर जड. दोन्ही हात, एक खांदा आणि थोडी मान लावली तेव्हा कुठे वळलं. पूर्ण वळवलं की बॉनेटखालून कोणी किंचाळल्यासारखा आवाजही येतो. पॉवर स्टिअरिंगचा बिघाड. निदान मी जागच्या जागी केलं.

वेळ मात्र वाईट. सासरे हॉस्पिटलात आहेत. फुप्फुसांत पाणी झालंय. मेव्हण्याचा फोन आला, की डॉक्टर म्हणतात, ज्यांना भेटायचंय त्यांनी उशीर करू नये. सौ.ने लगेच बॅग भरली. तिचं म्हणणं, आत्ताच्या बसने निघू. मी म्हटलं, दारात गाडी उभी असताना बसने? शोभेल का? शिवाय गाडी त्यांचीच. डोळे अधू झाले तेव्हा मला दिली. किल्ली देताना सगळ्यांसमोर म्हणाले होते, की जावईबापू, चालवा खुशाल, फक्त बॉनेट उघडू नका. सगळे पोट धरून हसले. मीही हसलो. विसरलो मात्र नाही.

तर ठरलं. दुरुस्ती आज मी स्वतः करणार, पहाटे निघणार. घाटातून झोकात नेऊन हॉस्पिटलच्या दारात लावणार. त्यांची खाट खिडकीशी आहे म्हणतात. उत्तम.

त्याच दिवशी, संध्याकाळ

व्हिडिओ पाहिले. विषय सोपा आहे, मेकॅनिक लोक उगाच बाऊ करतात. स्टिअरिंगच्या डबीत तेल जरा कमी वाटलं. डिकीत ब्रेक ऑइलची बाटली पडून होती. तेल ते तेल. काठोकाठ भरलं. चांगलाच फरक जाणवला. सौ.ला चालवून बघायला सांगितलं, तर म्हणे होतं तसंच आहे. तिला गाड्यांतलं फारसं कळत नाही.

ता. ८, रविवार

पहाटे निघालो. चौकातून परत आलो.

स्टिअरिंग जड आहेच, वर आता त्याचा पंप घुरघुरतो. डबीत फेस. व्हिडिओवाल्याच्या मते आत हवा अडकली आहे. पुढची चाकं जॅकवर उचलायची आणि स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवत राहायचं, म्हणजे हवा निघते. सौ.ला स्टिअरिंगवर बसवलं. मी डबीपाशी उभा राहून हुकूम सोडत होतो. ती फिरवत होती आणि रडत होती. म्हटलं, दंड भरून आले असतील, थोडी कळ काढ. ती म्हणाली, दंडाला काही झालेलं नाही. मग रडण्यासारखं काय होतं ते मला समजेना. पुन्हा डावीकडे घ्यायला सांगितलं.

हवा निघाली असावी. उद्या नक्की.

ता. ९, सोमवार

गाडीखाली तेलाचं थारोळं.

स्पेअर पार्टवाल्याकडे गेलो. त्याने विचारलं, तेल कुठलं घातलं होतं. मी सांगितलं. त्याने आतून भावाला बोलावून आणलं आणि मला पुन्हा सांगायला लावलं. पंपाचे सगळे रबरी सील फुगून वाया गेले म्हणे. यांना माल खपवायचा असतो, दुसरं काय! तरी घेतले. पंप सोडवून सील मीच बदलणार. डाव्या हातचा मळ आहे.

दुपारी मेव्हण्याने फोन सासऱ्यांच्या कानाला लावला. बोलताना दम लागत होता. विचारत होते, पूर्ण वळवल्यावर किंचाळते का. मी हो म्हटलं. म्हणाले, मग पंपाचा बेल्ट सैल झालाय, तेवढा ताणून घ्या. आजारी माणूस, वाद कशाला घालायचा? मी म्हटलं, बाबा, तुम्ही आराम करा, इथलं मी बघतो. तर म्हणाले, गाडीचं राहू द्या, पोरीला पाठवा.

बघा. अजून माझ्यावर भरवसा नाही. आता तर गाडी घेऊनच जाणार.

ता. १०, मंगळवार

पंप सोडवला. बोट चेचलं. सील बसवले, पंप परत जागेवर. एक बोल्ट उरला, तो बहुधा जादाच असावा. इंजिन सुरू केलं आणि पंपाने असा आवाज काढला की सगळी गल्ली दारात आली. बंद केलं. मेकॅनिकला बोलावून आणलं, निव्वळ दुसरं मत म्हणून. त्याने बघितलं आणि कपाळाला हात लावला. नवा पंप मागवावा लागेल, उद्यापर्यंत येईल म्हणाला. म्हणजे उद्याच.

सौ. बॅग घेऊन दारात उभी. दुपारच्या बसने निघते म्हणाली. मी समजावलं. घाटात बस लागते तुला, उलट्या होतात. एका दिवसाने काय बिघडतं? तू एकटी गेलीस तर बाबा पहिला प्रश्न काय विचारतील, की जावई कुठे आहेत. मग मी कुठे तोंड दाखवू? तिने बॅग खाली ठेवली.

पटलं तिला.

ता. ११, बुधवार

सासरे सकाळी गेले.

पंप दुपारी आला.

सौ. फोन आल्या आल्या बसने निघाली. माझी वाट बघितली नाही. मी म्हटलं, पंप बसला की मागोमाग येतो, वाटेतच गाठतो तुला. तिने मागे वळून बघितलं नाही. धक्का बसलेला असतो माणसाला.

ता. १२, गुरुवार

मेकॅनिक दुसऱ्या गाडीत अडकलाय. मेव्हण्याने फोनवर सांगितलं, की सगळं आटोपलं, आता घाई करू नका. समजूतदार माणूस.

घरात चहा करायला कोणी नाही. साखर सापडत नाही.

ता. १३, शुक्रवार

पंप बसला. मेकॅनिकने जाता जाता बेल्ट ताणला. किंचाळणं बंद. म्हणाला, मुळात एवढंच होतं, बाकीचं तुम्ही वाढवून ठेवलंत. बाबांनाही असंच वाटत होतं. दोघांचं एकमत व्हावं हा निव्वळ योगायोग.

चक्कर मारली. लोण्यासारखं स्टिअरिंग!

ता. १४, शनिवार

पहाटे निघालो. घाट कसा गेला कळलं नाही. एका बोटाने वळते. हॉस्पिटलवरूनच रस्ता जातो. नकळत वेग कमी केला, मग लक्षात आलं.

सासऱ्यांच्या दारात गाडी लावली. एका झटक्यात लागली, पुढे-मागे करावंच लागलं नाही. बघायला कोणी बाहेर नव्हतं. सौ. पायरीवर बसली होती. वाळलेली दिसली. आल्या आल्या काय बोलावं सुचेना, म्हणून म्हटलं, स्टिअरिंग झालं. हात लावून तर बघ. आता म्हणशील तेव्हा, म्हणशील तिथे घेऊन जातो.

ती गाडीकडे बघत राहिली. मग म्हणाली, आता मला कुठे जायचंय?

इंजिन चालूच राहिलं होतं. जाऊन बंद केलं.