आयलीच्या बीटलचा सायलेन्सर

मी, रेइनो आर्मास साल्मेला, वय वर्षे एक्क्याऐंशी, धंदा मोटारदुरुस्ती (आता बंद), राहणार कॅल्युमेट, मिशिगन, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. माझी बुद्धी ठिकाणावर आहे, तसं डॉक्टरांचं पत्र सोबत जोडलं आहे. हृदय तेवढं ठिकाणावर नाही, त्याचंही पत्र त्यांनीच दिलं आहे. माझ्यावर बाहेरच्या कोणाचं दडपण नाही. याआधी केलेली दोन्ही मृत्युपत्रं रद्द समजावीत. त्यांत मिळकतीचा तपशील बरोबर होता, बाकी खरं काहीच नव्हतं.

कलम १. माझं राहतं घर, मागची सौना (वाफेने अंघोळ करायची खोली) आणि रचून ठेवलेलं लाकूड माझी धाकटी बहीण आयली हारयू हिला द्यावं. सौनाच्या दाराची वरची बिजागरी सैल आहे, दार उचलून लावावं लागतं.

कलम २. शेजारी कार्ल ओयाला यांनी २००३ साली "दोन दिवसांसाठी" नेलेलं बर्फ हटवायचं यंत्र आता त्यांचंच समजावं. मागून मागून मी थकलो.

कलम ३. शेडमध्ये आयलीची १९६७ची निळी बीटल गाडी उभी आहे. ती माझी नाही, म्हणून मला ती कोणाला देता येत नाही. पण तिच्याबद्दल लिहिल्याशिवाय पुढची कलमं समजणार नाहीत.

या गाडीचं इंजिन मागे असतं आणि हवेने थंड होतं. आत बसणाऱ्याला ऊब मिळते तीही इंजिनाचीच. धूर नेणाऱ्या तापलेल्या नळ्यांभोवती पत्र्याच्या दोन पेट्या असतात, त्यांतून वारा फिरून आत येतो. नळीला चीर गेली तर वाऱ्याबरोबर धूरही आत येतो. त्यातल्या विषारी वायूला वास नसतो. हे मला विसाव्या वर्षापासून माहीत होतं.

१९९३च्या शरदात रस्त्यावरच्या मिठाने आयलीचा सायलेन्सर खाल्ला. नवीन बसवायचा तर दोन वाटा होत्या. एक, मूळ घडणीचा संच: जाड पत्रा, नव्या पेट्या, आवाज शिवणयंत्राइतका. तो जर्मनीहून यायला तीन आठवडे लागणार होते. दुसरा माझ्याच फळीवर होता. चार नळ्या एकात येणाऱ्या, मागे एकच जाड तोंड, आणि आवाज असा की माणूस वळून बघेल. तो मी जुन्या गाड्यांच्या एका मेळाव्यात पाहून आणला होता आणि बसवायला गाडी शोधत होतो.

आयली म्हणाली, "रेइनो, मला फक्त पाय गरम राहायला हवेत. पहाटे चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा असतो, गारठलेल्या पायांनी पेडल सापडत नाही."

मी म्हणालो, "आवाज ऐकलास की पाय विसरशील."

"मला आवाज नको रे. आवाज मी तिथे काढतेच की!"

मी हसलो आणि दुसरा बसवला. त्याला नव्या पेट्या बसत नव्हत्या, म्हणून तिच्याच जुन्या, गंजलेल्या पेट्या कापल्या आणि वेल्ड मारून जुळवल्या. उजव्या पेटीतल्या नळीचा पत्रा वेल्डखाली कागदासारखा होता. मला ते हाताला जाणवलं. वर काळा रंग मारला. गावातून ती गेली की लोक म्हणायचे, "हे रेइनोचं काम." ते ऐकायला मी दुकानाच्या दारात उभा राहत असे.

डिसेंबरात ती म्हणाली, "गाडीत बसलं की डोकं जड होतं."

मी म्हणालो, "खिडकी जरा उघडी ठेव."

तसं का म्हणालो, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. गाडी जॅकवर चढवून बघायला अर्धा तास लागला असता. बघितलं असतं तर माझं काम मलाच उतरवावं लागलं असतं. मी बघितलं नाही. ही चूक मी केली.

११ जानेवारी १९९४ रोजी, उणे चोवीस तापमानात, खिडकी बंद ठेवून आयली निघाली आणि सरळ रस्त्यावरून झाडीत गेली. तासाभराने सापडली तेव्हा ती गाडीच्या दाराबाहेर बर्फात पडलेली होती. उजव्या मनगटाचा चुरा झाला होता. हात बरा झाला, पण बोटं पूर्ण उघडली नाहीत. ऑर्गन सुटला. आपल्याला चक्कर कशी आली हे तिला आठवेना. डोक्याला मार होता, म्हणून कोणी आणखी शोधलं नाही.

मोडलेली गाडी मीच ओढून आणली. उजवी पेटी उघडली. आतल्या नळीला बोटभर लांब चीर, भोवती काजळी. ती पेटी मी माळ्यावर पोत्यात बांधून ठेवली.

त्याच आठवड्यात कॉफीच्या टेबलावर कोणीतरी विचारलं, "तिचे ब्रेक कोणी केले होते?" अपघाताच्या आधी मी ग्रीन बेला गेलो असताना आयलीने ब्रेक लेनर्ड ट्रेव्हॅरोकडे करून घेतले होते. पलीकडच्या गल्लीत त्याचं गॅरेज होतं. मी एवढंच म्हणालो, "मी नव्हते केले."

त्यात खोटा शब्द एकही नव्हता. दीड वर्षात लेनर्डच्या गॅरेजला कुलूप लागलं. तो हॉटनच्या एका दुकानात खिळे-स्क्रू विकायला उभा राहिला. त्याची बायको डोरोथी बाजारात समोर आली की आयली पाठ फिरवायची. डोरोथी वारली, तेव्हाही आयली गेली नाही.

कलम ४. माझी सगळी हत्यारं, गाड्या चढवायची लिफ्ट आणि बँकेतली शिल्लक लेनर्डची मुलगी ग्वेन ट्रेव्हॅरो हिला द्यावी. ती बर्फ हटवणाऱ्या गाड्या दुरुस्त करते आणि तिचा हात बापासारखा आहे. ही भरपाई आहे असं तिने समजू नये. भरपाई होईल असं माझ्याकडे काही नाही.

कलम ५. या मृत्युपत्राचा पहिला खर्डा मी निराळा लिहिला होता. माझ्या मरणानंतर वरचा मजकूर साप्ताहिकात छापावा, असं त्यात होतं. सप्टेंबरात तो कागद घेऊन मी लेनर्डला वृद्धाश्रमात भेटलो. सोबत पास्टी नेली होती: मांस-बटाटा भरलेली भाजकी करंजी, मूळची लेनर्डच्या लोकांची; गाजर आम्ही फिनलंडकडचे घालतो. त्याने ती उघडून बघितली.

"गाजर घातलंय. तुम्ही फिन लोक सुधारणार नाही."

मी वाचून दाखवलं. त्याने पास्टी बाजूला ठेवली. मग म्हणाला, "मेल्यावर छापणार? मी त्र्याऐंशीचा आहे, गाढवा. आधी मी गेलो तर?"

त्याने कागद माझ्या हातातून ओढून घेतला.

"आणि इथे काय लिहिलंयस, 'चूक झाली'? ती काय आपोआप झाली? 'मी केली' लिही."

मी तिथेच खोडून लिहिलं. निघताना त्याला सायलेन्सरची यादी दाखवली. आयलीची गाडी मी हळूहळू उभी केली आहे, पण सायलेन्सर बसवायला अठ्ठावीस वर्षांत माझा हात धजावला नाही. लेनर्डने चष्मा लावला आणि एका चित्रावर नख टेकवलं. "हा. मूळ मापाचा, जाड पत्र्याचा. पेट्या नव्याच घे, जुन्याला हात लावू नकोस. गाडीत वायूचा इशारा देणारी घंटी लाव. आणि बसवू दे ग्वेनला." मग यादी मिटत म्हणाला, "तेव्हा विचारलं असतंस तरी हेच सांगितलं असतं."

संच मागवला आहे. तो ग्वेननेच बसवावा. चिरलेल्या नळीची ती पेटी लेनर्डच्या हवाली केली आहे.

कलम ६. गेल्या रविवारी प्रार्थनेनंतर, चर्चच्या तळघरात सगळे कॉफीला बसले असताना, मी उभा राहिलो आणि कलम ३ वाचलं. लेनर्ड चाकाच्या खुर्चीत पुढे बसला होता. वाचून झालं. कार्ल ओयाला उठून माझ्याकडे न बघता बाहेर गेले. मग एकेक जण लेनर्डपाशी गेला आणि त्याचा हात हातात घेतला. माझ्यापाशी कोणी आलं नाही, ते योग्यच होतं.

आयलीला मी आदल्या दिवशी सांगितलं होतं. ती "डोरोथीला मी आता काय सांगू?" एवढंच म्हणाली. आपल्या हाताबद्दल एक शब्दही बोलली नाही.

कलम ७. आज सकाळी आयली हा कागद वाचायला आली. वाचून म्हणाली, "एक राहिलं. मी तुला माफ केलेलं नाही, हे लिही."

"इथे? मृत्युपत्रात?"

"इथेच. नाहीतर घर माझ्या नावावर बघून लोक म्हणतील, आयलीचं मन किती मोठं. माझं मन एवढं मोठं नाही, रेइनो. उगाच माझ्या नावावर टाकू नकोस."

म्हणून तिच्या सांगण्यावरून नोंदवतो: माझी बहीण आयली हारयू हिने मला माफ केलेलं नाही. घर तिला हवं असेल तर तिने घ्यावं, नको असेल तर विकावं. मी लिहिलेलं तिने दोनदा वाचलं, 'नाही' नीट दिसत नव्हतं ते गिरवून घेतलं, आणि मग मला पेन परत दिलं.

हे मृत्युपत्र मी आज पूर्ण वाचून, समजून, खालील साक्षीदारांसमोर त्यावर सही केली. दोघांनाही यातून काही मिळणार नाही.

सही: रेइनो आर्मास साल्मेला

साक्षीदार १: हेल्मी कोटिला, पाद्री
साक्षीदार २: रॉय बोद्री, निवृत्त टपालवाहक

स्थळ: कॅल्युमेट, मिशिगन
दिनांक: १९ ऑक्टोबर २०२२